मनोरे, भाकरी आणि एक बंद दार

लाईट गेली की भिवंडीला जाग येते. बाहेरगावच्या माणसाला हे वाक्य उलटं वाटेल, पण आमच्याकडे ते असंच आहे. लहानपणापासून मागांच्या खडखडाटात झोपायची सवय. रात्री दोनला तो आवाज अचानक थांबला की आधी कान जागे होतात, मग डोळे. आळीतली दारं एकेक करून उघडतात आणि कुणीतरी अंधारातच विचारतं, "सगळीकडे गेली का आपलीच?"

२००५-०६ च्या सुमाराला तर भारनियमनानं हा प्रश्न रोजचाच झाला होता. दुपारी चार चार तास माग बंद. कामगार ओट्यांवर पत्ते कुटत बसायचे आणि आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत. अशाच एका दुपारी मी वीज मंडळाला भरपूर शिव्या घालून झाल्यावर आजी शांतपणे म्हणाली, "आमच्या लहानपणी लाईट जायची तेव्हा लोक खूष व्हायचे."

मला वाटलं, आजीचं वय झालं. तिच्या माहेरी, मुरबाडच्या पुढच्या तिच्या खेड्यात, वीज आली तीच मुळी तिचं लग्न होऊन कित्येक वर्षं लोटल्यावर. जी वीज नव्हतीच ती जाणार कुठून?

"आमची नाही रे," ती म्हणाली. "मुंबैची."

तर, आजचा हा लेख त्या मुंबईच्या गेलेल्या लायटीबद्दल आहे. लांबलचक होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

गोष्ट आहे १९४२ ची. त्या साली जगाच्या नकाशावर किती देश दुसऱ्याच्या टाचेखाली होते ते आठवून बघा. नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, पोलंड, ग्रीस, युगोस्लाव्हिया, निम्मा फ्रान्स, इकडे ब्रह्मदेश, मलाया, फिलिपिन्स. आपलं अंदमानसुद्धा मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी घेतलं. या सगळ्या ठिकाणी साध्या माणसांनी, म्हणजे ज्यांच्या अंगावर गणवेश नव्हता अशांनी, काय केलं हा माझा जुना आवडता विषय. त्यावरची पुस्तकं मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. आणि गंमत बघा, नॉर्वेतल्या शाळामास्तरांची गोष्ट मला तोंडपाठ होती, पण घरापासून दोन एसट्यांच्या अंतरावर काय घडलं ते मला त्या दुपारपर्यंत नीटसं माहीत नव्हतं. शाळेत "भाई कोतवाल" हे नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. एका मार्काला.

तर भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचा, नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आले, उपाध्यक्ष झाले. इथपर्यंत एका हुशार मुलाची सरळ चढती गोष्ट. पण या माणसानं मधल्या वर्षांत कर्जत तालुक्यातल्या खेड्यांत आणि वाड्यांत दोन कामं केली. एक म्हणजे शाळा काढल्या. दुसरं म्हणजे धान्यकोठी. आमच्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाशी घरातलं भात संपतं. मग सावकाराकडून धान्य उचलायचं आणि पीक आलं की दीडपट-दुपटीनं फेडायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा फास. कोतवालांची कोठी म्हणजे लोकांचं धान्य लोकांनीच साठवायचं आणि अडल्याला द्यायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्याची किल्ली माझ्या मते या कोठीत आहे.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी उचलले गेले. मागे उरले ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले लोक आणि त्यांच्या हातात कुठलाही सविस्तर हुकूम नव्हता. मुंबईत उषा मेहता नावाच्या २२ वर्षांच्या मुलीनं सोबत्यांच्या मदतीनं गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंत तो चालला. साताऱ्याकडे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला १० सप्टेंबरला पोलिसांनी मोर्चांवर गोळ्या चालवल्या, माणसं मारली. आणि इकडे कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला.

दस्त्यानं निवडलं ते लक्ष्य मला आजही थक्क करतं. त्यांनी विजेचे मनोरे पाडायला घेतले.

इथे जरा वळण घेऊन विजेचा इतिहास सांगायला हवा. मुंबईच्या गिरण्यांना वीज येई ती सह्याद्रीतून. घाटमाथ्यावर धरणं बांधायची, पाणी नळातून खाली कोकणात सोडायचं आणि त्यावर जनित्रं फिरवायची, अशी टाटांची योजना. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये, भिऱ्याचं १९२७ मध्ये. यातल्या भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं. त्याविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला आणि तो हरला, हे आपल्याला माहीत असतं. घाट चढणारी रेल्वेसुद्धा १९३० च्या आधी विजेवर आली होती. म्हणजे गिरण्या, गोदी, कारखाने, लोकल, सगळं या तारांना लटकलेलं. युद्ध सुरू झाल्यावर याच गिरण्यांतून लष्कराला कापड आणि याच कारखान्यांतून सामान जात होतं.

आणि या तारा जायच्या कुठून? तर कर्जत-कल्याणच्या भातखाचरांवरून. ज्यांच्या डोक्यावरून ही वीज जात होती त्यांच्या घरात रात्री रॉकेलची चिमणी. तीही रॉकेल मिळालं तर. युद्धाच्या दिवसांत तेही मिळायची मारामार.

दस्त्याची माणसं रात्री जायची आणि लोखंड कापायच्या करवतीनं मनोऱ्याचे पाय कापायची. तुम्ही कधी हाताच्या करवतीनं लोखंडी गज कापलाय? मी आमच्या मागाच्या शेडमध्ये एकदा कापून बघितला. अंगठ्याएवढ्या गजाला मला चांगला वेळ लागला आणि आवाज असा की शेजारी बघायला आले. हे लोक ते काम अंधारात, उघड्या माळावर करत होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात त्यांनी अकरा मनोरे पाडले असं सांगतात. मुंबईचे कारखाने आणि रेल्वे त्यामुळे अडखळले. आजी म्हणाली ती मुंबैची लाईट ही.

आता मला पडणारा पहिला प्रश्न. याच महिन्यांत तिकडे नॉर्वेमध्ये काय चाललं होतं? तिथल्या क्विसलिंग सरकारनं फेब्रुवारी १९४२ मध्ये सगळ्या शिक्षकांना एका नाझी संघटनेत सक्तीनं घालायचं ठरवलं. देशात साधारण बारा हजार शिक्षक. त्यांतल्या बहुसंख्यांनी एकाच मजकुराची पत्रं लिहून सांगितलं की आम्ही या संघटनेचे सभासद नाही. मार्चमध्ये हजाराहून जास्त शिक्षकांना अटक झाली आणि त्यांतल्या सुमारे पाचशेंना थेट उत्तर ध्रुवाजवळच्या किर्केनेसला मजुरीला पाठवलं. तरी ते वाकले नाहीत. शेवटी नोव्हेंबरपर्यंत सगळे घरी परतले आणि ती संघटना कागदावरच राहिली. पुढे २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नॉर्वेच्याच जवानांनी वेमोर्क इथल्या जलविद्युत केंद्रातला जड पाण्याचा कारखाना उडवला. त्यांना शिकवून, विमानातून उतरवून पाठवलं होतं इंग्रजांनी.

म्हणजे बघा. सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज तोडणारा मुरबाडचा शेतकरी इंग्रजांच्या लेखी गुन्हेगार, त्याच्या म्होरक्याच्या डोक्यावर इनाम. आणि नॉर्वेच्या पाण्यावरचा कारखाना उडवणारा मात्र त्याच इंग्रजांच्या लेखी वीर. दोघांमध्ये काही महिन्यांचंच अंतर.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. दुसरी बाजू आहे आणि ती मला बरीच वर्षं टोचत होती. त्या गिरण्यांतून निघणारं सामान हिटलर आणि जपानविरुद्धच्या लढाईला जात होतं. नॉर्वेच्या मास्तरांना किर्केनेसहून सोडवायचं असेल तर तीच लढाई जिंकायला हवी होती. आपल्याकडेही त्या वेळी अनेक प्रामाणिक माणसं असं म्हणत होती. कम्युनिस्टांनी याला लोकयुद्ध म्हटलं आणि चळवळीपासून ते बाजूला राहिले. म्हणून त्यांना गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही. पण ३ सप्टेंबर १९३९ ला लॉर्ड लिनलिथगोनं एकाही हिंदी माणसाला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, हेही विसरता येत नाही. स्वातंत्र्यासाठी लढा असं सांगणारा माणूस तुम्हाला न विचारताच लढायला उभं करतो, तेव्हा मनोऱ्याखाली करवत घेऊन बसलेल्या माणसाला जगाच्या न्यायाचा हिशेब विचारायचा अधिकार त्याला उरतो का? माझं उत्तर: उरत नाही. पण प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

आणि दुसरा फरक. हिंदुस्थानला युरोपसारखा 'व्याप्त देश' म्हणता येईल का? नॉर्वेत जर्मन येऊन दोन वर्षं झाली होती. तिथल्या प्रत्येक प्रौढ माणसाला स्वतंत्र देश आठवत होता. आमच्या मुरबाड-भिवंडीत १९४२ मध्ये पेशवाई पाहिलेला माणूस सोडा, त्याचा नातूही क्वचितच जिवंत असेल. तिकडे परक्यांना मदतीला नवी माणसं शोधावी लागली आणि त्यांतल्या एकाचं नाव तर चक्क शिवी बनून गेलं. इकडे तशी गरजच नव्हती. राज्य चालवत होते ते आपलेच. तलाठी आपला, हवालदार आपला, फौजदार बहुधा आपलाच. आणि गावात परका माणूस आला की वर कळवायचं काम १८६७ च्या कायद्यानं ज्याच्याकडे दिलेलं, तो पोलीस पाटील तर गावचाच, भावकीतला.

माझे पणजोबा, आजीचे वडील, असेच एका गावचे पोलीस पाटील होते.

आता घरचं. आमच्या घरात एक गोष्ट परंपरेनं चालत आलेली आहे. नातेवाईक मंडळींनो, तुम्हाला ती पाठ आहेच. पणजोबा सरकारी पाटील असूनही आतून देशभक्त होते, आझाद दस्त्याच्या लोकांना रात्री घरी जेवू घालत, भाकऱ्या बांधून देत, आणि १५ ऑगस्ट १९४७ ला गावात झेंडा त्यांनीच चढवला. बाबा ही गोष्ट फार रंगवून सांगत. लग्नकार्यात, बारशात, कुठंही. १९७२ मध्ये केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं तेव्हा कुणीतरी म्हणालंही होतं की अर्ज करा. पण तुरुंगवासाचा दाखला कुठून आणणार, म्हणून राहिलं. बाबांना त्याची हळहळ होती. पैशांची नव्हे, नावाची.

त्या भारनियमनाच्या दुपारी मी आजीला हेच विचारलं. म्हटलं, "आजी, दस्त्यातली माणसं तुमच्याकडे जेवायला यायची ना?"

आजी जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकदाच आली होती. जेवली नाहीत."

थंडीचे दिवस होते, झोडणी होऊन भात घरात आलेलं. आजी दहा-अकरा वर्षांची. रात्री कुत्री भुंकली. मग दारावर थाप पडली, हळूच. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "पाटील, भाकर असंल तर द्या." पणजोबांनी आधी चिमणी फुंकली. मग आजीच्या तोंडावर हात ठेवला. थाप तीनदा पडली. मग पावलं मागच्या बाजूनं डोंगराकडे गेली.

"घरात भाकरी नव्हती?" मी विचारलं.

"टोपलीभर होती," आजी म्हणाली. "नवं तांदूळ."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फौजदार आला. त्यानं विचारलं, गावात कोण आलं होतं का? पणजोबा म्हणाले, कुणी आलं नाही. फौजदारानं पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं. पणजोबा तेच म्हणाले. वहीतही तेच लिहिलं.

"म्हणजे त्यांनी दारही उघडलं नाही आणि तोंडही," मी म्हणालो.

आजीला माझी शब्दांची कोटी मुळीच आवडली नाही. "तुला काय कळणार," एवढंच म्हणाली आणि पुठ्ठा हलवत राहिली. तेवढ्यात लाईट आली, माग सुरू झाले आणि बोलणं तिथंच थांबलं. आमच्या घरात गंभीर बोलणी बहुतेक अशीच संपतात.

तेव्हापासून मी ही गोष्ट मनात घोळवतोय. पणजोबांना भ्याड म्हणायला एक मिनिट लागतं. पण त्या हिवाळ्यात भीती कसली होती तेही बघायला हवं. चळवळ झाली त्या गावांवर सरकार सामुदायिक दंड बसवत होतं. एकानं केलं तरी भरायचं सगळ्यांनी. पाटलाचं वतन जाणं, तुरुंग, झडती, मार, हे वेगळंच. युरोपात तर याहून भयंकर. नाझींनी १० जून १९४२ ला चेकोस्लोव्हाकियातलं लिडिसे हे आख्खं गाव पुसून टाकलं, गावातले पुरुष गोळ्या घालून मारले. हॉलंडमध्ये १७ सप्टेंबर १९४४ पासून रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी मग पश्चिम हॉलंडचं अन्न अडवलं, आणि त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं उपासमारीनं गेली. डेन्मार्कमध्ये ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांहून जास्त ज्यू लोकांना कोळ्यांनी होड्यांतून स्वीडनला पोचवलं. ती गोष्ट आपण सांगतो तेव्हा दारं उघडणारे आपल्याला दिसतात. ज्यांनी पडद्याआडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांना काही सांगितलं नाही त्यांचं कुठं नाव नाही. पण ते तसे गप्प बसले नसते तर? सात हजार माणसं काही एका रात्रीत कुणालाही न दिसता समुद्रापर्यंत जात नाहीत.

साताऱ्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललं. कुंडल, वाळवा, तासगाव या भागात. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर अशी माणसं. त्यांनी ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली, १४ एप्रिल १९४४ ला खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. सिनेमात शोभतील अशा या गोष्टी आपल्याला आठवतात. पण प्रतिसरकार तीन वर्षं टिकलं ते त्यावर नाही. त्यांनी न्यायदान मंडळं नेमली, गावातले तंटे गावात मिटवले, सावकार आणि दरोडेखोरांना आवर घातला, दारूबंदी केली, हुंडा-वाजंत्री नसलेली साधी लग्नं लावली. इंग्रजी राज्याची कोर्ट-कचेरी तिथं होतीच, पण लोक तिकडे जाईनासे झाले. राज्य उलथवण्याचा हाही एक मार्ग असतो, त्याच्याकडे पाठ फिरवायची. नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाताईंनी (त्या २०२१ मध्ये गेल्या), निरोप आणि हत्यारं इकडून तिकडे पोचवली. आणि अशा प्रत्येक हौसाताईमागे रांधणाऱ्या, लपवणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या कितीतरी बायका.

अर्थात त्याही राज्यात एक काळी बाजू होती. फितुराला आणि गुंडाला पायाच्या तळव्यांवर फटके मारायची शिक्षा. त्यावरून 'प्रति'चं 'पत्री' सरकार झालं. त्यातला कोण खरा फितूर आणि कुणावर जुन्या भांडणाचं उट्टं निघालं, याचं अपील कुठं करायचं? गांधीजी मे १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडं व्हायचा सल्ला दिला. साताऱ्यानं तो मानला नाही. कुणाचं बरोबर होतं यावर तिकडची मंडळी आजही चहा गार होईपर्यंत भांडू शकतात.

आझाद दस्त्याला मात्र एवढं आयुष्य मिळालं नाही. डिसेंबर १९४२ संपता संपता कोतवाल आणि त्यांचे सोबती मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात होते. पोलिसांना ठावठिकाणा लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीनं त्यांना गाठलं. हिराजी पाटील तिथंच पडले आणि भाई कोतवालही. कोतवालांचं वय तीस. हिराजींचे वडील गोमाजी पाटीलही याच दस्त्यातले. एका घरातला बाप आणि मुलगा दोघं डोंगरात, आणि दुसऱ्या घरातला बाप चिमणी विझवून मुलीच्या तोंडावर हात ठेवून बसलेला. मुरबाड तालुका काही फार मोठा नाही.

सिद्धगडच्या पायथ्याला स्मारक आहे. दर वर्षी २ जानेवारीला पहाटे तिथं माणसं जमतात. आजी गेल्यानंतरच्या वर्षी मी गेलो. कल्याण, मुरबाड, म्हसा असा रस्ता. काळोखात थंडी अशी की हात खिशातून काढवेना. झाडीत मशाली, टॉर्च, शाळेची मुलं, आसपासच्या वाड्यांतले लोक. वर गडाचा काळा कडा. माझ्या शेजारी कानटोपी घातलेले एक म्हातारे उभे होते. मी सहज विचारलं, "तुमच्याकडचं कुणी होतं का दस्त्यात?" ते म्हणाले, "दस्त्यात नाही. आमची आजी कण्या शिजवून द्यायची." मग म्हणाले, "कण्याच होत्या घरात."

मला एकदम नवं तांदूळ आठवलं.

त्या वाक्यानं माझा बराचसा हिशेब लागला. दस्त्याला कुणी पोसलं? ज्यांच्या घरात टोपलीभर भाकऱ्या होत्या त्यांनी नव्हे. वाड्यांतल्या आदिवासींनी, कुळांनी, ज्यांच्याकडे कण्या होत्या त्यांनी. कोतवालांच्या धान्यकोठीतून पूर्वी कधी त्यांना धान्य मिळालं होतं. आता त्यांनी ते परत केलं. व्याजासकट म्हणणार होतो, पण त्या कोठीत व्याजाचा हिशेबच नव्हता. भूमिगत चळवळ टिकते ती आधीच्या दहा वर्षांत कुणी कुणाला काय दिलं यावर. करवत शेवटी येते. आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही असतं, थोडं वतन, थोडी प्रतिष्ठा, तो चिमणी विझवतो. माझे पणजोबा त्यांतले. खरं सांगायचं तर मीही त्यांतलाच. माझ्या दारावर अशी थाप पडली असती तर मी काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते लिहायला मला आवडत नाही.

पण ते फौजदाराला "कुणी आलं नाही" म्हणाले, हेही तितकंच खरं. त्यांना आधीच मिळालेल्या भीतीच्या सवलतीपुढे ते एक पाऊल होतं. लहानसं. त्यांच्या मापाचं. पाटलानं वर कळवलं असतं तर त्या रात्रीची ती माणसं दोन दिवसांत सापडली असती. मी याला पराक्रम म्हणत नाही. तसं म्हटलं तर कण्या शिजवणाऱ्या त्या आजीचा अपमान होईल. पण शून्यही म्हणत नाही.

लेख लिहायच्या आधी आत्याला फोन केला. तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी एवढी वर्षं सांगितलं ते खोटं पाडून तुला काय मिळणार आहे?"

मी म्हटलं, "आत्या, आजीनं मला सांगितलं कारण तिला ते कुणालातरी सांगायचं होतं. साठ-पासष्ट वर्षं वागवलं तिनं."

"मग झेंड्याचं तरी राहू दे," आत्या म्हणाली.

झेंड्याचं राहू देतो. ते खरंच आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला सकाळी गावच्या पाटलानं झेंडा चढवला, कारण ते पाटलाचंच काम होतं. आजी त्या वेळी पंधरा वर्षांची, नुकतंच लग्न ठरलेलं. ती पाहायला गेली होती. तिनं मला सांगितलं होतं की झेंडा वर गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिचा बाप मात्र वर न बघता डोंगराकडे बघत उभा होता.

बाबा ही गोष्ट सांगताना हा शेवटचा भाग गाळत. त्यांना माहीत नव्हता, की माहीत असून गाळत, ते आता विचारायची सोय नाही.

परवा रात्री पुन्हा लाईट गेली होती. फार वेळ नाही, दहा-पंधरा मिनिटं. माग थांबले, आळीतली दारं उघडली, नेहमीचा प्रश्न झाला. मी गॅलरीत उभा राहून कल्याणच्या दिशेला बघत होतो. अंधारात ते मनोरे काही दिसत नाहीत. पण आहेत तिकडेच, खाचरांमध्ये पाय रोवून उभे. मग लाईट आली, खडखडाट सुरू झाला आणि सगळे झोपायला गेले.